पुढच्या वर्षीचा कोट

टेलरमास्तरांनी स्वतःचं माप घेतलं ते श्वास रोखून, पोट आत ओढून आणि टाचा उचलून. एवढं करूनही आकडे पसंत पडेनात, तेव्हा त्यांनी कमरेतून चार इंच सरळ खोडले. एका गिऱ्हाइकाने दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की आज आहात तसे नव्हे, उद्या व्हायचंय तसे कपडे शिवा. मास्तरांना व्हायचं होतं ताठ, वक्तशीर आणि गोड बोलणारं. तिन्ही बाबतींत सध्या सगळा आनंदच होता.

राखाडी कोट झकास झाला. फक्त मास्तरांच्या दंडातच तो अडकला.

"अहो, हा आहे तरी कुणाचा?" बायकोने विचारलं.

"माझाच. पुढच्या वर्षीचा."

"गिऱ्हाईक समोर नसताना कापडाला कात्री लावायची नाही, असं तुमचे वस्ताद सांगायचे ना? माप लिहिलं की त्या मापाचा माणूस कपडा न्यायला येतोच म्हणे."

"त्यांचं काय घेऊन बसलीस!" मास्तर हसले आणि कोट खुंटीला टांगून वर जेवायला गेले.

दुपारची झोप काढून खाली आले, तर तीन महिने रखडलेली पँट शिवून, इस्त्री होऊन ठेवलेली. टाके इतके बारीक, की मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. बायकोने शिवली असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दुपारी दोन शर्ट तयार झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन आला.

"मास्तर, काल दुपारी काय छान बोललात! माझ्या शर्टाच्या उशिराबद्दल चक्क माफी मागितलीत."

"मी?"

"नाहीतर कोण? आणि बारीकही झाला होतात की हो. आज परत सुटलात."

पोस्टमन जाताच मास्तर खुंटीपाशी गेले. त्यांनी कोटाच्या काखेत हात घालून पाहिला. अस्तर कोमट होतं.

आठवडाभरात गिऱ्हाइकं फक्त दुपारीच यायला लागली. सकाळी मास्तर दिसले की "नंतर येतो" म्हणून माघारी वळत. तेही एक वेळ चाललं असतं, पण एका दुपारी जिन्यावर त्यांना खालून बायकोचं हसू ऐकू आलं. बारा वर्षांत ती तशी हसली नव्हती. मधूनच कुणीतरी हळू बोलत होतं, आणि तो आवाज मास्तरांचाच होता. फक्त त्याला कसली घाई नव्हती. मास्तरांना पुढची पायरी उतरवेना. दुकान गेलं तर गेलं, पण ही गेली तर? त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. पाचव्या दुपारी कोट उसवायचाच म्हणून कात्री घेऊन ते खाली उतरले. खुंटी रिकामी होती. मशीनपाशी बायको एकटीच बसली होती, रागाने लालबुंद.

"कुठाय तो?"

"हाकलला मी."

"अगं, पण तू तर हसत होतीस त्याच्याशी!"

"हसले सुरुवातीला. मग रोज नवीन. ताठ बस, सावकाश चाव, दुपार वाया घालवू नकोस. आज भांडायला गेले, तर 'तुझंच बरोबर आहे' म्हणाला! अशा माणसाशी संसार कसा करायचा हो?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"म्हणजे मीच बरा ना?"

"बरे कसले? सवयीचे आहात."

"आणि निमूट गेला तो?"

"गेला की. वर आभार मानले माझे. समोरचा रिकामा गाळा घेतलाय त्याने, उद्यापासून दुकान उघडतोय." ती जरा घुटमळली. "काजं-बटणं करायला माणूस हवा होता त्याला. मी तुमचं नाव सांगितलंय. बरोबर नऊला जा बाई, उशीर झालेला त्याला खपत नाही."