वाघमारे सरांचे गुडघे

“गेले! दोन्ही गुडघे गेले! आता ह्या जिन्यावर मी पाऊल ठेवणार न्हाई. वर्ग खाली आणा, न्हाईतर मला घरी धाडा!”

हा आवाज आमच्या प्राचार्यांच्या केबिनमधून येत होता आणि तिकडं माजलगावच्या धरणात म्हणे लाटा उठत होत्या. वाघमारे सर राज्यशास्त्र शिकवतात. त्यांनी नुसतं ‘चहा घेता का’ विचारलं तरी छपरावरची कबुतरं उठतात ती शेजारच्या तालुक्यात जाऊन बसतात. बोलण्याची सुरुवात ‘कावून?’ आणि शेवटही ‘कावून?’ शिपायानं घंटा दिली की “कावून दिली?” नाही दिली की “कावून न्हाई दिली?” बायको वारल्यापासून त्यांना भांडायला कॉलेजच उरलंय.

प्राचार्यांनी कानांवरचे हात काढले आणि संध्याकाळच्या आत तळमजल्यावरची खोली रिकामी झाली. मोडके बाक, स्नेहसंमेलनाची कमान, संस्थापकांचे जुने फ्लेक्स, सगळं बाहेर. वर चुनासुद्धा मारला!

इथं माझं डोकं सटकलं. कारण हीच खोली सरांनी महिन्यापूर्वी कावेरीसाठी मागितली होती. कावेरी दुसऱ्या वर्षाला आहे. पाय चालत नाहीत म्हणून तीनचाकीवर येते. जीभ मात्र सरांच्या तोडीची. तेव्हा प्राचार्यसाहेबांचं उत्तर काय? “एका मुलीसाठी अख्खा वर्ग कसा हलवायचा? आणि रॅम्प आहे की!”

तो रॅम्प! तपासणीची समिती येणार म्हणून रातोरात बांधलेला. इतका उभा, की वरून म्हैस सोडली तर थेट बाजारात जाऊनच थांबेल. आणि जीव खाऊन चढलात, तर पोचता कुठं? जिन्याच्या पहिल्या पायरीशी!

“समतेचं कलम शिकवायला मी तिसऱ्या मजल्यावर जायचं आन् पोरीनं खाली बसायचं? कावून?” सर गरजले होते. आमच्याकडं मुलीचे पाय हा मुलीचा प्रश्न असतो. प्राध्यापकाचा गुडघा मात्र संस्थेचा!

मग चार दांडगी पोरं कावेरीला खुर्चीत बसवून उचलून वर न्यायची. वर टाळ्या, फोटो, कॉलेजच्या ग्रुपवर ‘माणुसकीचं दर्शन’ आणि त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. एक दिवस ती अर्ध्या जिन्यात कडाडली, “ठेवा मला खाली! मी काय साखरेचं पोतं हाय का?” त्या दिवसापासून तिनं यायचंच बंद केलं. सरांनी निरोप धाडला, तर उलट निरोप आला, “माझ्यापायी कुणाला तरास नको. शिकले तेवढं बास.”

दुसऱ्याच दिवशी सरांचे गुडघे गेले.

वर्ग खाली आला. बातमी कावेरीपर्यंत गेली आणि ती तीनचाकी घेऊन थेट पहिल्या बाकाला येऊन भिडली. सर भिंत धरून, कण्हत वर्गात शिरायचे. येताना डावा पाय ओढायचे, जाताना उजवा.

मग एका रविवारी काही कामानं मी उमापूरला गेलो. सरांचं गाव ते. पाहतो तर सर कडुलिंबाच्या पार शेंड्याला, शेळ्यांसाठी पाला तोडतायत!

“सर! गुडघे?”

“कावून? मी हातानं चढलोय!” वरून गर्जना आली. मग सरसर उतरले, इकडंतिकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले, “पोरीला कळू दिऊ नका. खोली तिच्यासाठी हाय म्हणलं की ती पुन्हा यायची न्हाई. माझ्यासाठीच हाय, असं ऱ्हाऊ द्या.”

सोमवारी फाटकात कावेरी भेटली. मला राहवेना. “काय गं, सरांचे गुडघे कसे आहेत आता?”

तीनचाकीचा दांडा फिरवत, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “लई दुखतेत. माझी डिग्री होस्तोवर दुखतील.”