कार्डावरची त्र्याऐंशी पुस्तकं

एकतीस डिसेंबरच्या दुपारी कुंदन बोराडे पलंगावर आडवा पडून मोबाईल बघत होता आणि मोबाईल त्याची लाज काढत होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कामगारांच्या ग्रुपवर सरत्या वर्षाचं पारायण चाललं होतं. कुणी सहा किल्ले चढलं होतं. कुणाचं अकरा किलो वजन उतरलं होतं. एकाने दारू सोडल्याचं जाहीर केलं होतं, आणि फोटोत मागे ग्लास दिसत होता. डिसेंबरसारखा खोटारडा महिना कॅलेंडरात दुसरा नाही. अकरा महिने माणूस मुकाट्याने जगतो आणि बाराव्यात जगल्याच्या फुशारक्या मारतो.

कुंदनकडे मारायला फुशारकीच नव्हती. वर्षभर त्याने कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर ड्यूटी केली, घरी येऊन जेवला, झोपला. एवढ्यात त्याच्या हाताला खिशातलं वाचनालयाचं कार्ड लागलं. सकाळी पुस्तकं बदलताना काउंटरवरच्या लताबाई म्हणाल्या होत्या, "बोराडे, यंदा तुमच्या कार्डावर त्र्याऐंशी पुस्तकं गेली. आख्ख्या वाचनालयात पहिले तुम्ही." आणि कार्डाच्या मागे त्यांनी हिरव्या शाईने आकडा लिहून दिला होता.

कुंदनने कार्डाचा फोटो काढला. खाली लिहिलं, 'यंदाची माझी सोबत. ८३ पुस्तकं.' आणि पाठवून दिलं.

आता खरं काय ते सांगायला हवं. कुंदनने आयुष्यात दीड पुस्तक वाचलं होतं. दहावीचं अर्धं गाईड, आणि लायसन काढताना वाहतुकीच्या नियमांचं एक. ती त्र्याऐंशी पुस्तकं वाचली होती त्याच्या सासूबाईंनी, गोजराबाईंनी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच्या बायकोने, उज्वलाने, आईला सटाण्याहून इकडे आणलं. चौथी पास बाई. शेत सुटलं, जनावरं सुटली, हात रिकामे झाले, तेव्हा तिने पुस्तक धरलं आणि मग सोडलंच नाही. जेलरोडचं वाचनालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून ने-आण जावयाकडे आली.

फॉर्म भरताना गोजराबाई म्हणाल्या होत्या, "नाव मन्हं टाका, जावाईबापू."

"मामी, तुमचं आधार सटाण्याचं. परत त्याची झेरॉक्स, त्याचा खुलासा. माझं टाकतो ना. पुस्तक वाचायला मिळाल्याशी मतलब."

त्यांनी फॉर्म त्याच्याकडे सरकवला होता. जावयाशी कोण वाद घालणार?

कुंदनला पुस्तकं ओळखू यायची ती रंगावरून आणि वजनावरून. ड्यूटीच्या पिशवीत डब्याशेजारी बसणारी ती बारीक, न बसणारी ती जाड. एका प्रवासवर्णनाला आठवडाभर मेथीच्या भाजीचा वास येत होता. काउंटरच्या वर लाल शाईतली एक सूचना चिकटवलेली होती. तिच्याखाली कोपर टेकून तो वर्षभर उभा राहिला. तीही त्याने वाचली नव्हती.

संध्याकाळपर्यंत फोटोखाली अंगठ्यांची रांग लागली. मग खुद्द सेक्शनप्रमुख निकम साहेबांनी लिहिलं, 'बोराडे, आपल्या सेक्शनचा अभिमान.' कुंदनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात लताबाईंचा फोन आला.

"बोराडे, पुढच्या रविवारी सकाळी आपला वाचक मेळावा. 'वर्षभरात मी काय वाचलं' यावर तुम्ही बोलायचं. उत्कृष्ट वाचकाचं प्रमाणपत्र तुम्हालाच. छापायला टाकलंय."

"मॅडम, रविवारी माझी फर्स्ट शिफ्ट..."

"तुमच्या निकम साहेबांशी बोलणं झालं. त्यांनी सुट्टी दिली. सेक्शनमधले दहा-बारा जण घेऊन ते स्वतः येतायत."

कुंदनने फोन ठेवला. उज्वला पीठ मळता मळता सगळं ऐकत होती.

"खरं सांगून टाका," ती म्हणाली. "एक मिनटाचं काम आहे."

"साहेबाला काय सांगू? फेकली म्हणून?"

"मग भाषण करा. पिशवी या हातातून त्या हातात कशी घेतली ते सांगा."

शेवटी कुंदन वही-पेन घेऊन सासूबाईंपुढे बसला. गोजराबाईंनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, कानामागे खाजवलं आणि विचारलं, "तुमले काय सांगू? गोष्ट सांगू का माले काय वाटनं ते सांगू?"

"वाटलं ते सांगा, मामी. गोष्ट लक्षात नाही राहायची."

मग पाच दिवस शिकवणी चालली. यशस्वी होण्याचं पुस्तक, पिवळं, बारीक. "पहाटे चारले उठा म्हनस. मी जलमभर चारलेच उठस. श्रीमंती कोठे शे?" प्रेमाची कादंबरी, गुलाबी. "तो पोऱ्या तीन पानं रडस. याले काम नही का?" आणि निळी, सगळ्यात जाड, शेतकऱ्याच्या बाईवरची. "चांगली शे. पन मे महिनामा ती बाई कांदानी लागण करस. मे महिनामा कोन कांदा लावस? यानी कांदा भजामाच देखेल शे."

कुंदनने सगळं उतरवून घेतलं. लेखकाचं नाव ना त्याने विचारलं, ना तिने सांगितलं. तिच्या लेखी पुस्तकं दोनच माणसांची. खरं लिहिणाऱ्याची आणि खोटं लिहिणाऱ्याची.

शनिवारी रात्री जेवताना गोजराबाई म्हणाल्या, "मी बी येस उद्या."

"मामी, दोन मजले आहेत."

"मन्ही पुस्तकं कोठून येतस ते देखू द्या एकदा."

कुंदनने खुर्ची उचलायला दोन माणसं बघायचं कबूल केलं.

रविवारी निकम साहेबांच्या दोन माणसांनी गोजराबाईंना खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर चढवलं. जरीचं लुगडं नेसलेली बाई पहिल्या रांगेत बसली आणि पुस्तकांच्या कपाटांकडे अशी बघू लागली, की जणू जत्रेत हरवलेली माणसं तिला एकदम सापडली असावीत. कुंदनने ते पाहिलं आणि नजर चिठ्ठ्यांत खुपसली. लताबाईंनी प्रमुख पाहुण्यांची ओळख करून दिली. कादंबरीकार, प्राध्यापक, ज्ञानेश कापडणे, अमुक पुरस्कार, तमुक पुरस्कार. तेव्हा कुंदन 'श्रीमंती कोठे शे'चं शुद्ध मराठी पाठ करत होता. त्याला पाहुणा दिसला तो फक्त जाकीट घातलेला एक माणूस म्हणून.

भाषण सुरू झालं. पहिलं मिनिट त्याने चिठ्ठीवरून वाचून काढलं. मग तो पहाटे चारवर आला.

"आमच्याकडे बाया जन्मभर चारलाच उठतात. त्या कुठे श्रीमंत झाल्या?"

सभागृह हसलं. निकम साहेबांनी मांडी थोपटली. लोक हसले की माणसाचा गाडा उताराला लागतो, आणि कुंदनच्या गाड्याला ब्रेक कधी नव्हताच. गुलाबी कादंबरीतला पोरगा त्याने रडून दाखवला. टाळ्या पडल्या. त्याला खरोखर वाटायला लागलं की हे सगळं आपणच वाचलं, आपल्यालाच सुचलं. पहिल्या रांगेत गोजराबाई ओठ हलवत प्रत्येक वाक्य त्याच्या आधी म्हणत होत्या. ते त्याला दिसत होतं आणि तरी थांबवत नव्हतं. चोरीच्या मालाचा भाव चोराला जरा जास्तच वाटतो.

"आणि एक निळी कादंबरी," तो म्हणाला. "जाडजूड. मे महिन्यात बाईला कांदा लावायला लावलाय. अहो, मे महिन्यात कोण कांदा लावतो? त्या लेखकाने कांदा फक्त भज्यात पाहिलाय."

अर्धं सभागृह खेड्यातून आलेलं. हसून हसून लोक वाकले. मंचावरचा जाकीटवाला माणूस तेवढा हसला नाही. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

लताबाईही हसल्या नाहीत. त्या उठल्या, कपाटातून निळं पुस्तक काढलं आणि मधलं पान उघडून माईकपाशी आल्या.

"बोराडे, हे समासात पेन्सिलने लिहिलंय. वाचून दाखवते. 'मे महिनामा कोन कांदा लावस? यानी कांदा भजामाच देखेल शे. खोटं शे.'" त्यांनी मान वर केली. "वर्षभर मी हा माणूस शोधतेय. साठ-सत्तर पुस्तकांत लिहून ठेवलंय. म्हणून तर काउंटरवर सूचना लावली, पुस्तकावर लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द. तुम्ही रोज तिच्याखाली उभे राहता, आणि तुम्हीच?"

निकम साहेबांनी मांडीवरचा हात काढून घेतला. दोन वाटा होत्या. 'मीच लिहिलं' म्हणावं, तर पुस्तकं खराब करणारा ठरतो. 'मी नाही' म्हणावं, तर वाचलं कुणी? भला माणूस असता तर त्याने पहिली वाट धरली असती. कुंदन बोराडेने पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं.

"मी नाही लिहिलं, मॅडम. सासूबाई लिहितात."

शब्द तोंडातून सुटले आणि कान तापले. ज्या म्हातारीच्या जिवावर टाळ्या घेतल्या, तिलाच त्याने चारचौघांत चोर म्हणून उभं केलं होतं. उज्वलाने त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं तिने लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हा तो पंधरा दिवस बाहेर जेवला होता.

"मग तुम्ही काय करता?" लताबाईंनी विचारलं.

"मी... ने-आण."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. गोजराबाई खुर्चीच्या हाताला धरून उभ्या राहिल्या.

"मीच लिखस, ताई. खोटं व्हतं म्हनीसन लिखं. मन्हं चुकनं. पन कार्ड बंद करू नका. माले दुसरं काही नही."

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कुंदनला वाटलं, कोळशाच्या पट्ट्यावर पडून आपण थेट भट्टीत जावं.

आता जाकीटवाला उठला. "आजी, ते निळं पुस्तक मी लिहिलंय."

"तुम्ही का?" गोजराबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "मंग सांगा, मे महिनामा कोन कांदा लावस?"

पाहुण्यांनी सांगून पाहिलं. पाऊसमान बदललंय, वाण नवे आलेत, साहित्यात थोडी सूट असते. गोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रोप तरी व्हतं का त्या बाईकडे?" मागच्या दोन-तीन रांगांतून माना हलल्या. मग बारीक आवाजात पाहुण्यांनी विचारलं, "कांद्याचं सोडा. बाकीची कादंबरी?"

"जठे मी लिखेल नही, तठे खरं शे."

कापडणे सरांनी लताबाईंच्या हातून स्वतःचंच पुस्तक घेतलं आणि उभ्याउभ्या पानं चाळली. चारशे पानांत पेन्सिल चारच ठिकाणी होती. मिळालेले सगळे पुरस्कार एका पारड्यात टाकले तरी एवढं वजन भरलं नसतं, असा त्यांचा चेहरा झाला. खाली बसताना ते लताबाईंना म्हणाले, "यांचं कार्ड बंद केलंत, तर माझी पुस्तकं परत द्या."

लताबाई नियमाच्या पक्क्या. कुंदन बोराडेचं सभासदत्व त्यांनी तिथल्या तिथे रद्द केलं, आणि गोजराबाईंच्या नावाचा नवा फॉर्म काढला. सटाण्याचं आधार चाललं. झेरॉक्स खालच्या दुकानात निघाली. दोन वर्षं अडलेलं काम चार मिनिटांत झालं, आणि त्या चार मिनिटांत कुंदन कुणाच्याच डोळ्याला डोळा देऊ शकला नाही.

प्रमाणपत्र मात्र छापून, लॅमिनेशन करून तयार होतं. 'उत्कृष्ट वाचक, श्री. कुंदन बोराडे.' ते कुणालाच नको होतं. कुंदनने ते घरी माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येतो तर हॉलच्या भिंतीवर टीव्हीच्या शेजारी टांगलेलं.

"मामी, काढा ना ते."

"राहू द्या. ते वाचीसन तरी वाचाले लागशात."

शरमेने का होईना, तो लागला. मामींच्या कार्डावर निळी कादंबरीच घेतली. पहिल्या रात्री तीन पानं, दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या रात्री पुस्तक छातीवर आणि घोरणं चालू. तरी प्लांटमध्ये कुणी टोमणा मारला की तो म्हणायचा, "वाचतोय राव, खरंच वाचतोय." आठवड्याने गोजराबाईंनी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "कोठवर ऊनात?"

"शंभर पानं झाली, मामी," कुंदन म्हणाला. जिभेला हाड नसतं, आणि त्याच्या जिभेला तर कणाही नव्हता. "मस्त आहे."

"मंग त्या बाईना नवराना नाव काय शे?"

कुंदनने चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. नवरा कादंबरीच्या दहाव्या पानावर येत होता आणि कुंदन नवव्यावर होता.

गोजराबाई उठल्या. अंबाड्यातली पेन्सिल काढून भिंतीपाशी गेल्या. लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही, हे त्यांनी बहुधा आधीच करून पाहिलं असावं. त्यांनी प्रमाणपत्राच्या खाली, गेल्या दिवाळीत रंगवलेल्या भिंतीवर, सावकाश लिहिलं. दोनच शब्द.

यंदाच्या वर्षात कुंदनने शेवटपर्यंत वाचलेलं ते पहिलं लिखाण.