रंगरावची बॅटरी

रंगरावची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझं तोंड उघडं होतं. म्हणजे मी झोपलो होतो. वाईहून एस.टी.त उभ्यानं आलेलो, विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत वळकटी टाकली आणि भरदुपारी तिच्यावर आडवा झालो. जाग आली तर नाकापासून वीतभर अंतरावर एक काळासावळा, चौकोनी चेहरा आणि माझ्या घशात बॅटरीचा झोत. मी ओरडणार होतो, पण 'आ' आधीच केलेला असल्यामुळे पुढं काय करायचं ते सुचेना.

"हलू नगंस," चेहरा म्हणाला. "जीब वर कर. हां." मग बॅटरी विझली. "झ्याक हाय. जा, भाकरी खा."

हा माझा खोलीतला जोडीदार. शिराळ्याचा रंगराव, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. मी बी.कॉम.चा. त्याच्याबरोबर मी दोन वर्षं काढली आणि त्या दोन वर्षांत एकदाही पालथा झोपायला विसरलो नाही.

त्याच्या वर्गातल्या कुणाला हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं, कुणाला बाळंतपणाचा. पेशंट बरा होऊन पेढे आणतो अशा लाईनी सगळ्यांनी आपसांत वाटून घेतल्या होत्या. रंगरावला कॅन्सरचं काम करायचं होतं. तेव्हा हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. आमच्या वाईला बायका "त्यांना तसलं झालंय" म्हणायच्या आणि दाराकडे बघायच्या, जणू काही ते ऐकून ते आत येईल. रंगराव हा शब्द मेसमध्ये आमटीची वाटी पुढं करता करता मोठ्यानं म्हणायचा. शेजारचे दोघं ताट उचलून दुसऱ्या बाकावर जायचे. मग रंगराव त्यांच्या वाटणीचा पापड खायचा.

भेटेल त्याला "आ करा" म्हणायची त्याला खोड होती. कंडक्टरनं तिकीट फाडलं की "आवं, जरा आ करा." न्हावी, पेपरवाला, घरमालकीणबाई, कुणी सुटलं नाही. आमच्या भागात निम्म्या गालांत तंबाखू आणि उरलेल्यांच्या दातांना मशेरी. रंगराव बॅटरी आत धरायचा, गाल बोटानं बाजूला करायचा आणि इतका स्थिर उभा राहायचा की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. सगळं ठीक असलं की "जा, भाकरी खा." ठीक नसलं की तो काहीच बोलत नसे. बॅटरी विझवायची, खिशात टाकायची आणि त्या माणसाकडे नुसतं बघत उभं राहायचं.

ते गप्प उभं राहणं फार वाईट होतं.

कोपऱ्यावरच्या चहावाल्या अण्णांच्या तोंडात बघून तो असा एकदा गप्प झाला. किटलीतला चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला, तरी दोघंही हलेनात. दुसऱ्या दिवशी रंगराव अण्णांना दंडाला धरून हॉस्पिटलात घेऊन गेला आणि गाड्यावर ताडपत्री पडली. कितीतरी महिने ती तशीच होती. पुढं अण्णा परत आले, गालाला रुमाल धरून का होईना, चहा उकळायला लागले. पण गल्लीनं तोवर काय ते ठरवून टाकलं होतं. रंगराव दिसला की बायका पदर तोंडावर घ्यायच्या, जांभई देणारी माणसं जांभई गिळायची. एक म्हातारा तर त्याला बघून देवळात शिरायचा, आणि तो म्हातारा नास्तिक होता. "ह्यो बघतो म्हणून हुतंय," असं मालकीणबाईंनी मला कानात सांगितलं. मी हसलो, पण त्या रात्री तोंडावरून पांघरूण ओढूनच झोपलो.

हे कमी म्हणून की काय, त्याच्या कॉटखाली एक मडकं होतं. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं आणि फडक्याला मधोमध रुपयाएवढं भोक. "काय आहे त्यात?" मी विचारलं. "रिकामं हाय," रंगराव म्हणाला. रिकाम्या मडक्याला फडकं कोण बांधतं? संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तो ते पुढ्यात घ्यायचा, मांडी घालायचा आणि भोकातून बॅटरीचा झोत आत सोडून बघत बसायचा. पापणी हलत नसे. मी हिशेबाचं पुस्तक उघडून बसलेला असायचो, पण सगळं लक्ष त्या फडक्याकडे. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं ते फुगलं आणि मी पुस्तकासकट कॉटवर चढलो.

"आरं गड्या, रिकामं हाय म्हटलं न्हवं," रंगराव म्हणाला आणि मग त्यानं मला सांगितलं. शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग पुजतात. त्याचा चुलता नाग धरणारा. सणाच्या आधी धरून आणलेला नाग घरात मडक्यात ठेवायचा, सण झाला की जिथनं आणला तिथंच नेऊन सोडायचा. मडक्यात जनावर बरं आहे का ते बघायचं काम लहानपणापासून रंगरावचं. "हात हलला की ते फणा काढतंय. म्हून हात हलाय न्हाई पायजे. माणसाच्या तोंडाचं बी तसंच हाय बघ. आत काय बसलंय ते आपुन न भिता बघायचं."

"आणि दिसलं तर? तेव्हा गप्प का होतोस?"

त्यानं फडक्याची गाठ ओढून घट्ट केली. "काय बोलायचं त्येच कळत न्हाई रं," तो म्हणाला. "बघाय शिकलोय. सांगाय न्हाई शिकलो."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो घरचं बोलला. अख्ख्या आळीची तोंडं त्यानं बघितली होती. आईचं बघितलं नव्हतं. ती त्याच्यासमोर तोंडाला पदर लावून हसायची, पदराआडूनच बोलायची. जन्मभर मशेरी लावलेली बाई. दिवाळीला घरी गेला तेव्हा तिनं ठेचा खायचा सोडला होता. शिमग्याला गेला तर भाकरी दुधात कुस्करून, एकाच बाजूनं चावत होती. त्यानं हातापाया पडून बघितलं. "तू बघशील आन् कापशील," एवढंच ती म्हणायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची.

"मी साऱ्या जगाची दारं वाजवतोय," रंगराव म्हणाला, "आन् माज्याच घराला आतनं कडी."

त्या श्रावणात तो मला नागपंचमीला शिराळ्याला घेऊन गेला. आमच्याकडे नाग पाटावर गंधानं काढतात, लाह्या वाहतात आणि विषय संपतो. इथं गल्लीगल्लीत हलगी वाजत होती, माणसं खांद्यावर मडकी घेऊन चालली होती, आणि त्या मडक्यांतून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज येत होता. मी रंगरावच्या शर्टाचं टोक धरलं ते घर येईपर्यंत सोडलं नाही.

घरात चुलत्यानं मडक्याचं फडकं सोडलं. नाग वर आला, उभा राहिला, डोलायला लागला. रंगरावच्या आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, दुर्वा वाहिल्या, "भाऊराया, सांभाळ रं बाबा" म्हणाली. हातात कंप नाही. ह्या बाईला फण्याची भीती वाटत नव्हती, पोराच्या बॅटरीची वाटत होती. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

दुपारी चुलता तो नाग परत मडक्यात घालून, दुसरी मडकी घेऊन मिरवणुकीला गेला. हलगीचा आवाज लांब लांब जात राहिला आणि घर एकदम गप्प झालं. माजघरात अंधार, खुंटीजवळ ते एक मडकं, आणि त्यात मधूनच घासल्यासारखा आवाज. रंगरावची आई विळी भिंतीशी पालथी घालून ठेवली होती तिथं बसली. तवाही पालथा होता. त्या दिवशी तिकडे काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, शेतात नांगर घालायचा नाही. कुठंतरी एखादा नाग दुखावेल म्हणून.

"रंगा," ती म्हणाली, "बॅटरी हाय का?"

रंगरावनं माझ्याकडे बघितलं.

"बघायचं आसंल तर आज बघ. आज कोन काय कापत न्हाई."

दिवाळीपासून तिनं ह्याच दिवसाची वाट बघितली होती. पोरानं बघितलं तरी ज्या दिवशी गावात कुणी पातं उचलणार नाही, असा हा एकच दिवस. मी मडक्याकडे बघायला लागलो.

तिनं पदर काढला आणि आ केला.

रंगराव पुढ्यात बसला. बॅटरी लावली. झोत तिच्या गालावर पडला आणि तिथंच थरथरायला लागला. ज्याचा हात नागापुढं कधी हलला नाही, त्यानं दुसऱ्या हातानं आपलंच मनगट धरलं. मडक्यात जोरात फुत्कार झाला. तो आत बघत राहिला. मग बॅटरी विझली, खिशात गेली, आणि अंधारात तो तसाच बसून राहिला. अण्णांच्या गाड्यापाशी उभा होता तसाच. ह्या वेळी माझ्याच तोंडून काहीतरी निघालं असतं.

"बोल की रं," आई म्हणाली. "बॅटरी लावून सारं जग जागं केलंस, आन् आता गप बसतोस? म्या आ केला न्हवं. आता तू बोल."

"गालात हाय, आये," रंगराव म्हणाला. "तपासाय लागंल. पर मला कॅन्सरच वाटतोय." मग घाईघाईनं, "बारका हाय. आये, लय बारका हाय. म्या संगं हाय तुज्या. जिथं नेतील तिथं म्या संगं हाय."

तिनं तो शब्द ऐकला. दाराकडे बघितलं नाही. पोराकडे बघत राहिली.

"उद्या न्हे," ती म्हणाली. "आजचा सण हुं दे."

मग उठली आणि उकडलेले पुरणाचे दिंड ताटात घेऊन आली. वर तूप सोडलं. रंगरावला काही हात पुढं करवेना. दोन्ही हात मांडीवर टाकून तो इतका लहान होऊन बसला होता की मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. तिनं दिंड मोडला, फुंकर घातली, आणि घास त्याच्या तोंडाशी नेला.

"आ कर," ती म्हणाली.