आदराने लिहिलेलं पत्र

"बिरान जोब? तो तर माझा गुलाम!" फोनमधून प्रोफेसर अलसान न्जाय गरजले. "त्याच्या पणजोबांपासून सगळे आमचे गुलाम. वर चोर! माझ्या नातवाच्या बारशाला मासे-भाताचं अख्खं घमेलं एकट्याने संपवलं. त्याला तुम्ही देशातली विषं मोजायला ठेवताय? ठेवा, ठेवा. निदान ती तरी खाणार नाही."

निवड समितीच्या प्रमुख जाइनाबा मॅडम हसून हसून डोळे पुसत होत्या. "झालं! याहून चांगली शिफारस काय असणार? मातार, लिहून घेतलंस ना?"

"शब्दशः, मॅडम."

'शिफारस करणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत' असं फॉर्मवर छापलेलं होतं आणि मातार रसायनशास्त्राचा पदवीधर होता. छापलेल्या सूचनेवर त्याची श्रद्धा होती. शिवाय तो स्वतःही न्जाय. न्जाय आडनावाच्यांनी जोबांना आणि जोबांनी न्जायांना थट्टेत शिव्या द्यायच्या, हे गांबियात कुणी ठरवलं ते नदीलाच माहीत. पण तो नुसता हक्क नव्हे, कर्तव्य आहे. त्यामुळे 'गुलाम', 'चोर' आणि 'घमेलं' लिहिताना मातारला काही वेगळं लिहितोय असं वाटलंच नाही. त्याने सही केली, शिक्का मारला आणि कागद निधी देणाऱ्या संस्थेकडे, दूर उत्तरेच्या थंडीत पाठवून दिला.

त्याचा जीव खरा अडकला होता तो केर दाम्बा या गावच्या गोदामात. टोळधाडीच्या काळात आणलेल्या कीटकनाशकाची एकेचाळीस पिंपं तीस वर्षं तिथे पडून होती. त्यातल्या दोन पिंपांना आता पाझर सुटला होता. गोदामापासून त्रेसष्ट मीटरवर, मातारने टेप धरून मोजलं होतं, बायकांच्या मळ्याची विहीर होती. त्या विहिरीवर त्याची यासिन आत्या कांदे पिकवायची. देशात घातक रसायनं कुठे, किती आणि कुणाच्या ताब्यात आहेत याचा आराखडा एखाद्या जाणकार सल्लागाराने केल्याशिवाय त्यातलं एक पिंपही हलवायला पैसा मिळणार नव्हता. महिनाअखेरीपर्यंत सल्लागार नेमला नाही तर निधी दुसऱ्या देशाकडे जाणार होता. दुपारी टेबलावर डोकं टेकलं की मातारला स्वप्न पडायचं. ती सगळी पिंपं पाणघोड्यांसारखी एकामागून एक नदीत उतरायची आणि समुद्राकडे निघून जायची. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा व्हायचा आणि स्वप्नातच ओरडायचा, "अरे, नदीत नको!"

आठव्या दिवशी संस्थेच्या श्रीमती लिंडक्विस्ट यांचं पत्र आलं. त्यात चार प्रश्न होते. उमेदवार नक्की कधीपासून गुलाम आहे? त्याला पगार मिळतो का? चोरीची तक्रार कुठे नोंदवली आहे? घमेलं किती किलोचं होतं? खुलासा होईपर्यंत निधी स्थगित.

जाइनाबा मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. "पहिल्या तिन्हीचं सोड. चौथ्याचं उत्तर मलाही हवंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी उसासा टाकला. "जा बाबा, प्रोफेसरांकडून एक साधं, सरळ, आदराचं पत्र घेऊन ये."

प्रोफेसर आंब्याखाली चहा करत बसले होते. चहा एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतला जात होता, फेस चढत होता आणि तिसरी फेरी होईपर्यंत कामाचं बोलायचं नसतं. तोवर मातारला डुलकी लागली. शेवटी त्याने विषय काढला तेव्हा प्रोफेसरांचा हात हवेतच थांबला.

"आदराने? जोबबद्दल? अरे, माझे वाडवडील कबरीत उठून बसतील!"

"काका, आत्याची विहीर..."

प्रोफेसरांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी कागद मागवला. 'डॉ. बिरान जोब हे अत्यंत विद्वान, सचोटीचे व मितभाषी सद्गृहस्थ आहेत,' असं लिहून त्यांनी पेन दूर सारलं आणि हात धुऊन आले.

संस्थेला पत्र फार आवडलं. करारावर सह्या घ्यायला आणि पिंपं बघायला लिंडक्विस्टबाई स्वतः यायला निघाल्या. सगळं सुरळीत व्हायचं, पण नियमाप्रमाणे शिफारसपत्राची प्रत उमेदवारालाही जाते, आणि मातार नियम कसा मोडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. जोब ऑफिसात आले. पहाडासारखा माणूस, पण आवाज अगदी बसलेला.

"मातार, खरं सांग. तुमच्या घरात कुणी माझ्यावर रागावलंय का?"

"नाही हो, डॉक्टर!"

"मग हे काय? 'मितभाषी'! चाळीस वर्षांची ओळख, आणि अलसान मला 'सद्गृहस्थ' म्हणतो? परक्यासारखं?" त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "आता तूही 'डॉक्टर' म्हणालास. बघ, असं आहे तर. मला नको तुमचं काम."

ते अर्ज मागे घेऊन गेले. लिंडक्विस्टबाईंचं विमान त्याच संध्याकाळी उतरलं.

मातारने आत्याला फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"तुम्ही शिकलेली माणसं म्हणजे ना!" आत्या म्हणाली. "उद्या बाईला घेऊन ये. त्या जोबला म्हणावं, यासिनने जेवायला बोलावलंय. नाही म्हणायची त्याची हिंमत नाही."

दुसऱ्या दिवशी मळ्यात दुपार तरंगत होती. उन्हात कांद्यांच्या पाती हलत होत्या, नदीवरून गरम वारा येत होता. गोदामाकडून मात्र गोडसर, डोकं जड करणारा वास येत होता. लिंडक्विस्टबाई पिंपं बघून नाक दाबत परत आल्या. डॉ. जोब सगळ्यांसाठी मांडलेल्या मासे-भाताच्या घमेल्याशी लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखे अंग चोरून बसले होते.

"काय रे ए गुलामा!" आत्या कडाडली. "न्जायांच्या घरचा भात दिसला की मुक्याने बसतोस होय? जिभेवर पण घास ठेवलायस का?"

जोबांनी मान वर केली. तोंडावर हळूहळू ऊन पसरलं. "भात? याला भात म्हणतात? न्जायांच्या बायकांना रांधता आलं असतं, तर आम्हाला तुमच्यावर राज्य करायची वेळ आली नसती!"

"राज्य म्हणे! बकऱ्या राखायला ठेवला होता तुझ्या आज्याला, त्या पण हरवल्या!"

मातारने शब्दशः भाषांतर केलं तशी लिंडक्विस्टबाईंनी घाईघाईने वही उघडली. मग त्या लिहायच्या थांबल्या. आत्याचं तोंड शिव्या देत होतं आणि तिचा हात माशाचा सगळ्यांत चांगला तुकडा काटे काढून जोबांच्या बाजूला सरकवत होता. बाईंनी एकदा तोंडाकडे पाहिलं, एकदा हाताकडे. मग वहीतली एक ओळ सावकाश खोडली.

करारावर विहिरीच्या कठड्यावरच सह्या झाल्या. मातारचं अंग इतकं हलकं झालं होतं की त्याला जमिनीवर उभं राहणंसुद्धा जरा कष्टाचं वाटत होतं.

डॉ. जोबांनी हात धुतले, चष्मा लावला, गोदामाला फेरी मारली, जमिनीचा उतार पाहिला आणि पहिला हुकूम दिला. "पाण्याचा तपास होईपर्यंत ही विहीर बंद. एक थेंब काढायचा नाही."

"बंद?" आत्या उठून उभी राहिली. "आणि माझे कांदे? मेल्या, चोरा! जेवून उठलास आणि माझ्याच मळ्यावर उलटलास?"

जोब आनंदाने मोठ्याने हसले.

"मी खरं सांगतेय! दरोडेखोरा! कृतघ्न माणसा!"

जोबांना हसून हसून ठसका लागला. आत्या खरोखर संतापली होती, पण आयुष्यभराच्या सगळ्या शिव्या प्रेमात खर्ची पडल्या होत्या. रागासाठी एकही शिल्लक नव्हती. तिने डोक्यावरचं फडकं सारखं केलं. मग नजर खाली घालून अगदी हळू म्हणाली, "बरं, डॉक्टरसाहेब. आपण म्हणाल तसं."

जोबांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी घाबरून मातारकडे पाहिलं, मग खिशातून फोन काढला.

सूर्य कलला तेव्हा लाल धुळीच्या ढगातून पाण्याचा टँकर मळ्याकडे डुलत येत होता आणि देशाचे सल्लागार नळी खांद्यावर घेऊन कांद्यांच्या वाफ्यात उभे होते.