कवडीची गैरहजेरी

एका जंगलात, मुलांनो, जिथे सागाची झाडं संपतात आणि बांबूचं बन लागतं, तिथे कोंबड्यांची एक वस्ती होती. वस्तीत शिस्त होती. सभा वेळेवर सुरू होत आणि कधी संपत, ते मात्र कुणी विचारत नसे.

तिथे कवडी नावाची कोंबडी राहायची. अंगावर काळेपांढरे ठिपके, म्हणून कवडी. एकदा ती खुडूक झाली. खुडूक झालेली कोंबडी अंडी सोडून हलत नाही. दाणा टिपायला उठलीच, तर पळत जाते आणि पळत येते. कुणी जवळ गेलं, की पिसं फुलवून अंगावर येते. एकवीस दिवस कवडी अशी बसली. मग नऊ पिल्लं निघाली.

तिसऱ्या दिवशी घारीने त्यातलं एक उचललं.

कवडी घारीच्या मागे बांबूच्या निम्म्यापर्यंत उडाली. कोंबडीला तेवढंच उडता येतं. मग ती खाली आली, उरलेल्या आठांना पंखांखाली घेतलं आणि दिवसभर चोचीत दाणा धरला नाही.

वस्तीला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं, की वस्ती सभा भरवत असे. सभा करवंदीच्या दाट जाळीखाली भरली.

"पिल्लं वाचलीच पाहिजेत," वस्तीचा मुखिया झुंबरराव कोंबडा म्हणाला. "कुणाला काही सुचतंय?"

"पिल्लं मोठी होईपर्यंत ही जाळी मला द्या," कवडी म्हणाली. "इथे वरून घारीला काही दिसत नाही."

"ही जागा सभेची आहे," झुंबरराव म्हणाला. "जाळी तुला दिली, तर पिल्लांच्या सुरक्षेवर चर्चा कुठे करायची?"

मुद्दा सगळ्यांना पटला. मग ठरलं, की बाहेरून तज्ज्ञ बोलवायचा.

जंगलाबाहेर कोंबड्या पाळायची एक मोठी शेड होती. तिथून शुभ्राताई आल्या. स्वच्छ, पांढऱ्या, बोलायला गोड. त्या कधी अंड्यावर बसल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

"माझा जन्म यंत्रात झाला," शुभ्राताई म्हणाल्या. "माझ्याबरोबर नऊशे पिल्लं निघाली. एकाचीही आई तिथे नव्हती. तरी सगळी छान वाढली."

"मग आता कुठे असतात ती?" कवडीने विचारलं.

"एक दिवस गाडी आली," शुभ्राताई म्हणाल्या. "सगळ्यांची एकदम सोय झाली. मी तेवढी तारेच्या जाळीच्या भोकातून बाहेर पडले."

सभेने पंख फडफडवले.

शुभ्राताईंनी वस्ती पाहिली. कवडी माती उकरून पिल्लांना किडे देते, हे त्यांना आवडलं नाही. घार दिसली की ती कर्कश ओरडते, हे तर मुळीच आवडलं नाही. त्याने पिल्लांच्या मनावर परिणाम होतो. त्यांनी मोकळ्या मैदानात काट्यांचं गोल कुंपण घालायला लावलं. पिल्लं त्यात ठेवायची. आणि सगळ्या कोंबड्यांनी रोज दुपारी सात दिवस प्रशिक्षणाला यायचं. हजेरी सक्तीची.

"कुंपणाला वरून झाकण नाही," कवडी म्हणाली.

"हवा खेळती राहायला हवी," शुभ्राताई म्हणाल्या.

"पण घार वरूनच येते."

"तो विषय तिसऱ्या दिवशी आहे. मध्येच घेता येणार नाही."

तिसऱ्या दिवशी 'घार कशी ओळखावी' हा तास होता. शुभ्राताईंनी नखाने धुळीत घारीचं चित्र काढलं. पसरलेले पंख, दुभंगलेली शेपटी. तेवढ्यात चित्रावरून एक सावली सरकली.

"अगंबाई, चित्र हललं!" शेवंता म्हणाली. शेवंता वर्गातली सर्वांत हुशार कोंबडी होती. तिने लगेच तसं लक्षात ठेवलं.

कवडीने वर पाहिलं आणि न विचारता धाव घेतली.

घारीला कुंपण फार सोयीचं वाटत होतं. आठही पिल्लं एका जागी होती आणि काट्यांमुळे एकालाही पळता येत नव्हतं. ती झेपावली. पण पिल्लांच्या आधी तिच्या नख्यांना कवडीची पाठ लागली. कवडी काट्यांवरून आत पडली होती. घारीने चोच मारली. कवडीने दोन्ही पाय उचलून तिच्या छातीवर झेप घेतली. घारीने पुन्हा चोच मारली. कवडी बाजूला झाली नाही. पिसं उडाली, ठिपक्यांचीही आणि तपकिरीही. शेवटी घार कंटाळली. इतक्या लहान जेवणासाठी इतका त्रास तिला परवडत नव्हता. ती उडून गेली.

कवडीचा डावा डोळा गेला. पंखाखाली आठ पिल्लं होती.

तास संपल्यावर झुंबरराव कुंपणापाशी आला.

"घार गेली ना?"

"गेली."

"ते बरं झालं. तू तास सोडून आलीस, ते मात्र बरं झालं नाही."

सातव्या दिवशी पळसाच्या पानांवर प्रमाणपत्रं वाटली. योजनेच्या काळात एकही पिल्लू दगावलं नाही, म्हणून शुभ्राताईंचा गौरव झाला. शेवंता पहिली आली. कवडी नापास झाली. नापास आईकडे पिल्लं ठेवणं धोक्याचं, असा ठराव झाला आणि आठही पिल्लं शेवंताला मिळाली.

संध्याकाळी गार वारा सुटला. पिल्लं कुडकुडायला लागली. शेवंताने शिकवल्याप्रमाणे आधी उजवा पंख पसरला, मग डावा. पिल्लांनी तिच्याकडे पाहिलं. मग ती रांगेने चालत निघाली आणि कवडीच्या पंखांखाली शिरली.

शेवंता मागोमाग आली.

"कवडे, ही माझ्याकडे थांबत नाहीत गं."

"मग राहू देत इथे."

"असं कसं? कागदावर ती माझी आहेत."

कवडीने उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "मग तूही बस इथेच," ती म्हणाली. "त्या डाव्या अंगाला बस. तिकडचं मला आता दिसत नाही."

शेवंताने इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. ती कवडीच्या डाव्या अंगाला बसली. थोड्या वेळाने एक पिल्लू जागा पुरेना म्हणून तिच्या पोटाशी आलं. ती जराही हलली नाही. हा भाग प्रशिक्षणात नव्हता.

पिल्लं मोठी झाली. आठच्या आठही. उत्कृष्ट संगोपनाबद्दल वस्तीने शेवंताचा सत्कार केला. शेवंताने भाषणात शुभ्राताईंचे आभार मानले. कवडीचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर झुंबरराव बसला होता.

तात्पर्य : पिल्लं वाचवताना एखादा डोळा गेला तरी चालेल, हजेरी जाता कामा नये.