अण्णाजींसाठी एक डीव्हीडी

'त्यात काय, घरीच करतो.' हे चार शब्द मी फोनवर बोललो नसतो, तर आमच्या सिंदी मेघेच्या घरात तो आठवडा सुखाचा गेला असता.

फोन माझ्या मेहुण्याचा, आदेशचा होता. तो नागपूरला असतो. सासूबाईंना, रुख्माबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि वर्षश्राद्धाला अण्णाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकच मागणं मागितलं होतं. आदेशच्या लग्नाचं शूटिंग त्यांना पुन्हा पाहायचं होतं. त्यात रुख्माबाई चालत्याबोलत्या होत्या. कारंजा गावाजवळच्या त्यांच्या घरी टीव्ही जुना, त्याला पेनड्राइव्हचं भोकच नाही; डीव्हीडी प्लेअर मात्र धडधाकट. माझ्या बायकोनं, छायानं, मोबाईलवर सुरुवात दाखवली, तर म्हणाले, "एवढुशी बोटाएवढी मानसं दिसते न. मले टीवीत पाहाचं हाये तिले."

शूटिंग माझंच होतं. (लग्नात मी हँडीकॅम घेऊन फिरत होतो, त्यामुळे वाढायला कुणी बोलावलं नाही.) ते केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं. आदेश म्हणाला, "भाऊजी, फाईल पाठवा, मी इकडून डीव्हीडी करून आणतो." सासरी एवढं एक काम आपल्या हातून व्हावं असं मला मनापासून वाटलं, आणि मी ते चार शब्द बोललो.

पंचवीस कोऱ्या डीव्हीडींचा डबा आणला. पहिली रायटरमध्ये घातली. बेचाळीस टक्क्यांपर्यंत छान गेली, मग आतून करकर आवाज आला आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'फेल' उमटलं. दुसरी एकेचाळीसला गेली. तिसरीनं तर सुरुवातच केली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चंद्रभानला विचारलं. चंद्रभान माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्याला काढता येतो, म्हणून आमच्याकडे तो कॉम्प्युटरमधला शेवटचा शब्द.

"किती स्पीडनं जाळून राह्यला?" त्यानं डॉक्टरच्या सुरात विचारलं. (डीव्हीडीवर भरण्याला जाणकार 'जाळणं' म्हणतात.)

"सोळा."

"मंग करकर करीनच न थे. चारवर आण. आन् बाकी सारं बंद कर."

मी 'बाकी सारं' जरा मनावरच घेतलं. अँटिव्हायरस बंद केला, स्क्रीनसेव्हर बंद केला, इंटरनेटची वायर उपटली. मग व्होल्टेजच्या शंकेनं फ्रिज बंद केला. मिक्सरवर बंदी घातली. टेबल हलू नये म्हणून घरात पाय न आपटता चालायचा हुकूम काढला. छायानं दोन दिवस चटणी पाट्यावर वाटली, आणि तीही मी म्हणालो म्हणून हळू. (पाटा हळू वाटता येत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि पुढेही बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.)

बुधवारपर्यंत चौदा डीव्हीडी वाया गेल्या होत्या. छायानं त्या दोऱ्यात ओवून अंगणातल्या पेरूला टांगल्या. पोपट यायचे थांबले. ती म्हणाली, "चला, कोणाच्या तं कामी आल्या."

पण रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आता आदेशले सांगू काय? बाबा रोज फोन करून विचारते, झाली काय म्हणून. त्याईचं दुसरं काई मागणंच नाई." मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडतो, त्यामुळे चिडलो.

गुरुवारी पंधरावी बाहेर आली आणि माझं संशोधन पूर्ण झालं. तिच्या चकचकीत बाजूवर पिवळा-लाल डाग होता. मी ती पुराव्यासारखी दोन बोटांत धरून स्वयंपाकघरात गेलो.

"छाया, हळदीच्या हातानं डीव्हीडीला हात लावला होता?"

"म्या काऊन लावू?"

"मग ही हळद काय आपोआप आली?"

तिनं डाग पाहिला, गॅस बारीक केला आणि शांतपणे विचारलं, "दसऱ्याले कॉम्प्युटरची पूजा कोणं केली?"

मी केली होती. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा सगळेच करतात. शेजारीपाजारी बाहेरच्या डब्याला बोट टेकवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. राबणारा भाग आत असतो. म्हणून मी रायटरचा खण उघडून आत हळद-कुंकू वाहिलं होतं, अक्षता टाकल्या होत्या, वर आपट्याचं पान ठेवून नमस्कार केला होता आणि खण भक्तिभावानं बंद केला होता.

छायानं टॉर्च धरला. मी स्क्रू काढले. आतून पाच-सहा तांदूळ, चुरा झालेलं सोनं आणि चिमूटभर कुंकू निघालं. भिंगावर हळदीचा थर होता. कापसानं तो पुसला. सोळावी डीव्हीडी शंभर टक्क्यांवर पोचली तेव्हा छायानं मुद्दाम मिक्सर चालू केला.

रविवारी अण्णाजींकडे वर्षश्राद्धाची जेवणं आटोपल्यावर सगळी मंडळी टीव्हीसमोर बसली. अण्णाजी खुर्ची अगदी पुढे ओढून बसले होते. डीव्हीडी लागली आणि मला घाम फुटला. आठवडाभर मी ते शूटिंग जाळत होतो, पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. अर्धा तास बँडवाले होते. वीस मिनिटं मांडवाचं छत. नवरदेवापेक्षा माझे बूट जास्त वेळ होते. रुख्माबाई कुठेच नव्हत्या. लेकाच्या लग्नात त्या एका जागी बसल्याच नव्हत्या. एकदा पाठ दिसली, एकदा ताट धरलेला हात. त्या हातावर अण्णाजी पुढे वाकले आणि तो निघून गेल्यावर पुन्हा मागे टेकले.

मग चित्र तिरपं झालं. कॅमेरा बंद केला असं समजून मी तो बाजेवर ठेवून गेलो होतो. समोर रुख्माबाई पानं पुसत बसलेल्या, पूर्ण चेहरा, नाकातल्या नथीसकट. शेजारच्या कमलाबाईंना त्या सांगत होत्या, "छायाचा नवरा मनानं लय चांगला हाये वो. पण त्याच्या हाती मशीन नोको देजा. मांगच्या खेपेले आला, आमचा चालता पंखा दुरुस्त करून गेला. तवापासून बंद हाये."

खोलीत कुणी हसेना. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग अण्णाजी हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. सातव्यांदा मलाही त्या माऊलीच्या आवाजानं भरून आलं, आणि मी उठून म्हणालो, "अण्णाजी, मी याच्या सहा कॉप्या काढून आणतो. सगळ्यांना एकेक."

अण्णाजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"नाई, जवाईबापू," ते प्रेमानं म्हणाले, "आदेश आणीन नागपुराहून. जिंदगीभर तिचं एक आयकलं नाई म्या. आता तरी आयकू द्या."