गुर्जींचा राजदूत

आमच्या शेजारचे गुर्जी कधी भांडत नसत, निषेध नोंदवत. माझी शेळी त्यांच्या ओसरीवर चढली की म्हणायचे, "बाई, तुमच्याकडून सीमेचं उल्लंघन झालंय." आता शेळीला काय कळतंय डोंबल! पण जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यात दोन्ही वेळच्या बातम्यांना रेडिओला कान लावलेला. बायको गेल्यापासून तर त्या रेडिओशिवाय घरात बोलायला दुसरं होतंच कोण?

भिंतीपलीकडं त्यांचे सख्खे थोरले भाऊ, अण्णा. तेही एकटेच. मधल्या अंगणातला लिंब अण्णांनी न विचारता तोडला, तेव्हापासून बोलचाल बंद. गुर्जींच्या भाषेत, राजनैतिक संबंध तुटलेले. मी दोघांची शेजारीण, म्हणून तटस्थ राष्ट्र. निरोपांची ने-आण माझ्या गळ्यात. "पलीकडच्या पक्षाला कळवा, खोकला वाढलाय, काढा घ्यावा." त्यावर अण्णा जे बोलायचे ते मी काही परत येऊन सांगत नसे.

लातूर नवानवा जिल्हा झाला होता. किल्लारीच्या वाटेवरचं आमचं गाव. कलेक्टर जवळ आला म्हणून लोकांनी पेढे वाटले, अन् पुढच्याच उन्हाळ्यात आड आटले. टँकरचा काही नेम नसायचा, म्हणून आम्ही बाया आधीच घागरी रांगेत लावून घरी जायचो. अण्णांचे गुडघे गेलेले, त्यांची घागर मीच ठेवायची. तिच्यावर त्यांचं नाव कोरलेलं. एकदा टँकर आला तेव्हा कुणीतरी ती पायानं बाजूला सारली, तर आपल्या घागरीशी बसलेले गुर्जी ताडकन उठले.

"घागर म्हंजे त्या घरचा राजदूत हाय. राजदूताला हात लावायचा न्हाई."

बाया पदर तोंडाला लावून लई हसल्या, पण घागरीला पुन्हा कुणी शिवलं नाही. त्या दिवसापासून अण्णांची घागर गुर्जीच भरू लागले. अण्णांच्या दाराशी ठेवायची, खाकरायचं अन् निघून यायचं. आतून अण्णा खाकरायचे. एवढीच काय ती बोलणी.

पुढं अण्णांनी अंथरूण धरलं. मी चिडलेच. म्हटलं, गुर्जी, बास झालं आता, आत जा. तर म्हणे, शिष्टाचार असतो; झाड त्यांनी तोडलंय, बोलावणं त्यांच्याकडून यायला पाहिजे. मग मी अण्णांकडं गेले. त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं.

"त्याला म्हणाव, ये. विचारायची गरज न्हाई."

हे सांगितलं तेव्हा गुर्जींनी चालू बातम्यांत रेडिओ बंद केला. पण लगेच उठले नाहीत. एवढ्या वर्षांनी भेट, असं पारोसं कसं जायचं? उद्या टँकर येईल, अंघोळ करून, धोतर धुऊन जातो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. संध्याकाळी अण्णा गेले.

माती झाल्यावर टँकर आला. रांगेत अण्णांची घागर होतीच. एक बाई म्हणाली, माणूसच राहिला नाही, आता ही कशाला जागा अडवून?

"राहू द्या," गुर्जी हळूच म्हणाले. "राजदूत अजून परत बोलावला न्हाई."

कुणी हसलं नाही. घागर भरून त्यांनी खांद्यावर घेतली, अण्णांच्या उघड्या दारापर्यंत गेले अन् उंबऱ्याबाहेर थांबले. टँकरच्या पाण्यानं आधी अंघोळ उरकलेली, अंगावर धुतलेलं, अजून ओलंच धोतर होतं.

"अण्णा," ते म्हणाले, "येऊ का?"

मला रडूच कोसळलं. विचारायची गरज न्हाई म्हणून सांगितलं होतं की हो त्यांना.